एरंडोल तुटतं, यवतमाळ तुटतं

प्रोग्रामिंगच्या जवळपास प्रत्येक वर्गात फाइल वाचायचा धडा सारखाच असतो. फाइल उघडा, एकेक ओळ घ्या, कॉमा आला की तोडा, तुकडे रकान्यांत भरा. पायथनमध्ये हे तीन-चार ओळींत उरकतं. सरावाला दिलेली फाइलही गुणी असते: नाव, वय, गाव. कुणाच्या नावात कॉमा नाही, कुणाचं वय रिकामं नाही. धडा संपतो आणि फाइल वाचणं आपल्याला आलं असं वाटतं.

माझं काम बरंचसं त्या धड्याच्या पुढचं आहे. पतसंस्था, सार्वजनिक वाचनालयं, लहान ट्रस्ट यांच्या सभासदांच्या जुन्या याद्या नव्या प्रणालीत नेऊन द्यायच्या. आमच्या क्षेत्रात या कामाला फारशी प्रतिष्ठा नाही. नवीन माणूस आला की त्याच्या गळ्यात हे घालतात आणि 'इम्पोर्ट करून टाक' असं एका वाक्यात सांगतात. मला हे कधीच पटलेलं नाही. पुढे त्या माहितीवर कितीही देखणं काही उभं राहिलं, तरी सभासद नीट आत आला की वाटेत तुटला हे याच पायरीवर ठरतं. आणि तो तुटला तर पुष्कळदा कुणाला कळतही नाही.

एक ओळ जवळून बघू. रकाने तीन आहेत, क्रमांक, पत्ता आणि ठेव:

१०४,मु. पो. नऱ्हे, ता. हवेली, जि. पुणे,१,२५,०००

माणसाला ही ओळ एका नजरेत कळते. कॉमापाशी तोडणाऱ्या प्रोग्रामला मात्र तीनऐवजी सात तुकडे मिळतात. नऱ्हे वेगळं, हवेली वेगळं, पुणे वेगळं, आणि सव्वा लाखाचे एक, पंचवीस आणि तीन शून्यं असे तीन तुकडे. ठेव शेवटच्या रकान्यात असते असं धरून प्रोग्राम शेवटचा तुकडा उचलतो, त्याची संख्या करतो आणि सभासदाच्या नावावर शून्य रुपये लिहितो. चूक झाल्याचा निरोप येत नाही, कारण शून्य हीसुद्धा रीतसर संख्या आहे.

आपला पत्ता कॉमाशिवाय लिहिताच येत नाही. मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा ही उतरंड कॉमाच्या आधारानेच उभी असते. आपली मोठी रक्कमही तशीच, हजार, लाख, कोटी अशा प्रत्येक टप्प्यावर कॉमा. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये अडचण निराळी आहे. तिथे दशांशचिन्हच कॉमा असतं, म्हणून तिथलं एक्सेल कॉमाने विभागलेली म्हणवली जाणारी फाइल अर्धविराम घालून लिहितं. विभाजक कोणताही निवडा, तो मजकुरात येणार नाही अशी हमी त्यात गृहीत असते, आणि ती हमी देणं मजकूर लिहिणाऱ्या माणसाच्या हातात नसतं. पत्ता सांगणाऱ्याला आपली फाइल कशाने विभागलेली आहे हे माहीत असायचं कारण काय?

पूर्वी विभाजक लागतच नसे. ८० घरांच्या पंचकार्डवर, म्हणजे छिद्रं पाडून माहिती नोंदायच्या कागदी कार्डावर, पहिली इतकी घरं नावाची, पुढची इतकी रकमेची असं ठरलेलं असे. जागा हीच ओळख. देवनागरीला ही पद्धत जड गेली असती, कारण आपल्या अक्षराची रुंदी कशात मोजायची हाच प्रश्न आहे. 'क्षि' वाचायला एक अक्षर, युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या चिन्हतक्त्यात चार चिन्हं, आणि ती चिन्हं फाइलमध्ये साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत बारा बाइट. १९७२ च्या सुमारास आयबीएमच्या फोरट्रान या प्रोग्रामिंगच्या भाषेत कॉमा किंवा मोकळी जागा सोडून आकडे देण्याची सोय आली आणि कार्डावर घरं मोजत बसणं सुटलं. युनिक्स ही संगणकप्रणाली करणाऱ्यांनी वापरकर्त्यांच्या फाइलसाठी अपूर्णविराम निवडला, एका ओळीत सात रकाने. गंमत अशी की रोमन चिन्हांना क्रमांक देणाऱ्या जुन्या आस्की तक्त्यात २८ ते ३१ या चार जागा नेमक्या याच कामासाठी राखून ठेवल्या होत्या, फाइल, गट, नोंद आणि रकाना वेगळा करायला. ही चिन्हं मजकुरात कधीच येत नाहीत. पण ती कळफलकावर नाहीत आणि पडद्यावर दिसत नाहीत, म्हणून फारशी कुणी वापरली नाहीत. माणसांनी हाताला येईल तोच कॉमा घेतला. मला हे समजण्यासारखं वाटतं. फाइल साध्या एडिटरमध्ये उघडून डोळ्यांनी बघता येणं हा फार मोठा फायदा आहे, आणि तो मी कशासाठीही सोडणार नाही.

कॉमा ठेवायचा म्हटलं की अवतरण चिन्ह लागतं. ज्या रकान्याच्या आत कॉमा आहे तो दुहेरी अवतरणात घालायचा. आतच अवतरण चिन्ह आलं तर ते दोनदा लिहायचं. ही रीत वर्षानुवर्षं चालत होतीच, ऑक्टोबर २००५ मध्ये इंटरनेटच्या रीती नोंदणाऱ्या आरएफसी मालिकेतल्या ४१८० क्रमांकाच्या टिपणात ती नीट लिहून ठेवली गेली. त्या रीतीने आपली ओळ अशी होते:

१०४,"मु. पो. नऱ्हे, ता. हवेली, जि. पुणे","१,२५,०००"

आता ही ओळ 'कॉमापाशी तोडा' म्हणून वाचता येत नाही. तांदूळ निवडताना दाणा न् दाणा नजरेखालून जातो, तसं एकेक चिन्ह बघत जावं लागतं, आणि आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर हे सतत ध्यानात ठेवावं लागतं. बाहेर असताना कॉमा आला तर रकाना संपला. आत असताना आला तर तो मजकूर. आत असताना अवतरण चिन्ह आलं तर लगेच निर्णय घ्यायचा नाही, पुढचं चिन्ह बघायचं. तेही अवतरणच असेल तर मजकुरात एक अवतरण घालायचं आणि आतच राहायचं. कॉमा असेल तर रकाना मिटला. आणि आत असताना ओळ संपली तर? तर ती ओळ संपलेलीच नाही. कुणीतरी एक्सेलच्या एकाच घरात पत्ता दोन ओळींत लिहिलेला असतो आणि आपली नोंद खालच्या ओळीवर उतरलेली असते. फाइलमधल्या ओळी मोजून 'एवढे सभासद' असं म्हणता येत नाही ते यामुळे.

हे सगळं करायला दोन पानांचा प्रोग्रामही लागत नाही. कुणी शिकणारं असेल तर त्याने एकदा हे स्वतःच्या हाताने लिहावं, आणि मग कामासाठी तयार मॉड्यूल वापरावं. पायथनमध्ये ते २००३ पासून, २.३ या आवृत्तीपासून, भाषेसोबतच मिळतं. ऑकचं उदाहरण मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. १९७७ मध्ये बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन यांनी केलेली ही भाषा. ओळ घे, विभाजकापाशी तोड, ही सवय प्रोग्रामरांच्या हाताला तिने लावली. त्या ऑकमध्ये अवतरणं ओळखून सीएसव्ही, म्हणजे अशी कॉमाने विभागलेली फाइल, वाचायची सोय कर्निघन यांनी तिच्या पुस्तकाच्या २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीसोबत आणली. इतका काळ लोक तोडत राहिले आणि तुकडे पुन्हा जोडत राहिले.

रिकाम्या रकान्यांबद्दल थोडक्यात. जावा भाषेत ओळ तोडायला तिथली स्प्लिट ही सोय वापरली की शेवटचे रिकामे तुकडे ते गुपचूप टाकून देतं. फोन आणि ईमेल हे शेवटचे दोन रकाने असतील आणि सभासदाकडे दोन्ही नसतील, तर त्याची ओळ दोन रकान्यांनी आखूड होते. स्प्लिटला विभाजकासोबत उणे एक हा आकडाही दिला की ते तुकडे राहतात. ज्यांच्याकडे फोन-ईमेल नाही अशी वयस्कर माणसं प्रत्येक यादीत असतात, आणि सरावाच्या फाइलमध्ये ती कधीच नसतात.

आता एरंडोल.

विदर्भ-खानदेशाकडची एक यादी माझ्याकडे आली होती. पतसंस्थेच्या जुन्या प्रोग्रामने रकान्यांमध्ये नुसते कॉमे घालून ती बाहेर काढली होती, अवतरणं वगैरे काही नाही. मजकूर कृतिदेव ०१० मध्ये. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडे मराठी-हिंदी टंकलेखन अशा फॉन्टांत चालायचं, आणि कित्येक कार्यालयांत ते अजून चालतं. या फॉन्टांत देवनागरी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात रोमन कळफलकावरची चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा वेश चढवतो. कृतिदेव ०१० मध्ये 'ए' म्हणजे कॉमा. 'य' म्हणजे अर्धविराम. 'द्य' म्हणजे उभी रेघ. 'ष'चा पहिला भाग म्हणजे दुहेरी अवतरण, 'श'चा पहिला भाग म्हणजे एकेरी. विभाजक म्हणून जगभर जी जी चिन्हं वापरतात, त्यांतली बहुतेक इथे वर्णमालेत बसलेली आहेत.

म्हणजे कॉमाने तोडलं की एरंडोल तुटतं. अर्धविरामाने तोडलं की यवतमाळ तुटतं. उभ्या रेघेने तोडलं तर 'विद्या' नावाच्या सगळ्या बायका तुटतात.

यावर सुचणारा पहिला उपाय म्हणजे आधी सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्यावं आणि मग तोडावं. तेही जमत नाही. बदलणाऱ्या प्रोग्रामला रकान्यांमधला कॉमा आणि एरंडोलमधला कॉमा यांत फरक दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक दोन रकान्यांच्या मध्ये एक 'ए' उभा राहतो. आधी तोडलं तर अक्षरं जातात, आधी बदललं तर भिंती जातात. मूळ प्रोग्राममधून यादी पुन्हा काढून घेणं एवढाच मार्ग होता, या वेळी टॅब घालून, कारण टॅबच्या जागी कुठलंही अक्षर बसवलेलं नव्हतं. मग आधी टॅबपाशी तोडायचं आणि नंतर एकेक रकाना युनिकोडमध्ये न्यायचा.

त्या प्रोग्रामने अवतरणांचा नियम पाळला असता तर यातलं काहीच घडलं नसतं. कॉमा असलेला रकाना अवतरणात गेला असता, 'ष'मधलं अवतरण दोनदा लिहिलं गेलं असतं, आणि नियमाने वाचणाऱ्या कुठल्याही प्रोग्रामला ते जसंच्या तसं परत मिळालं असतं. लिहिणारा आणि वाचणारा दोघांनी एकच नियम पाळला तर मजकुरात काय आहे याने फरक पडत नाही, एवढी त्या जुन्या साध्या रीतीची ताकद आहे. त्या नियमाला कृतिदेव माहीत नाही, मराठीही माहीत नाही, तरी त्याने एरंडोल सांभाळलं असतं.

युनिकोड आलं म्हणून सगळे प्रश्न मिटले असं नाही. यूटीएफ-८ मधली मराठी फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली की पुष्कळदा प्रत्येक अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हं दिसतात. फाइलच्या आरंभी तीन बाइटांची एक खूण असली की एक्सेलला ती बरोबर कळते. पण तीच खूण पायथनमध्ये नुसतं 'यूटीएफ-८' सांगून वाचली, तर पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला चिकटून राहते. शीर्षक 'क्रमांक' आहे, पडद्यावर 'क्रमांक'च दिसतंय, आणि प्रोग्राम म्हणतो 'क्रमांक' नावाचा रकानाच नाही. 'यूटीएफ-८-सिग' म्हटलं की ती खूण गळून पडते.

याहून अवघड आहे ते नऱ्हे. त्यातला 'ऱ्ह' दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकात खास 'ऱ' हे अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यांच्यापुढे एक अदृश्य जोडखूण. दिसायला दोन्ही सारखे. एका फाइलमध्ये पहिला, दुसऱ्या फाइलमध्ये दुसरा असला, तर गावाच्या नावावरून दोन याद्या जोडताना नऱ्ह्याचे सगळे सभासद बाजूला पडतात. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण केलं तरी हे दोन एक होत नाहीत, ते आपल्याला हाताने करावं लागतं. कऱ्हा नदीकाठच्या गावांचंही तेच. ही अडचण जगातल्या बहुतेक प्रोग्रामरांना कधी येणारच नाही, तेव्हा तिची काळजी मराठी लिहिणाऱ्यांनीच घ्यायला हवी.

रकाने नीट वेगळे झाले की पुढचा मोह असतो तो अंदाजाचा. या रकान्यात सगळे आकडे दिसतात, तर संख्या करून टाकू. पुण्याचा ०२० मग २० होतो. बारा अंकी आधार क्रमांक एक्सेलमध्ये घातांकात दिसू लागतो, आणि तशीच फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली तर जसा दिसतो तसाच लिहिला जातो, शेवटचे अंक कायमचे जातात. पंधरापेक्षा जास्त अंकांचा खाते क्रमांक असेल तर पुढच्या अंकांचं शून्य होतं. जमिनीच्या यादीत तर मी हे फार वेळा पाहिलंय: सर्व्हे नंबर १२/३ ची १२ मार्च होते. शेजारचा ४५/२ तारखेत बसत नाही म्हणून तसाच राहतो, आणि एकाच रकान्यात अर्धी जमीन, अर्धं कॅलेंडर अशी अवस्था होते. जनुकशास्त्रज्ञांनाही हाच त्रास झाला. 'मार्च१', 'सेप्ट२' अशी नावं असलेली मानवी जनुकं एक्सेलमध्ये तारखा बनत राहिली, आणि शेवटी नावं ठरवणाऱ्या समितीने ती जनुकांची नावंच बदलली. २०२० च्या तिच्या मार्गदर्शक सूचनांत हे नोंदलेलं आहे. आपल्याला सर्व्हे नंबर बदलता येणार नाहीत.

म्हणून मी प्रत्येक रकाना आधी मजकूर म्हणूनच आत घेते. पांडाज या पायथनच्या तक्ते हाताळायच्या मॉड्यूलमध्येही तसं आधीच सांगता येतं. ज्याची बेरीज करायची आहे, म्हणजे ठेव, शेअर्स, वर्गणी, तेवढंच नंतर, जाणीवपूर्वक, संख्येत बदलायचं. फोनची, खाते क्रमांकाची, सर्व्हे नंबरची बेरीज कुणी करत नाही, मग ती संख्या कशाला? देवनागरी अंकांची चिंता मात्र करावी लागत नाही. '१२५०००' असं लिहिलेलं पायथन थेट समजून घेतं. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो 'खराब ओळी वगळा' या सोयीचा. पांडाजला एखाद्या ओळीत जास्तीचे रकाने आढळले की ते थांबतं, हे उत्तम आहे. पण त्यावर लगेच सुचवला जाणारा उपाय म्हणजे वगळायला सांगणारा पर्याय चालू करणं. प्रोग्राम सुरळीत चालतो, आणि ज्याच्या पत्त्यात कॉमा होता तो माणूस यादीतून जातो. उलट रकाने कमी असलेली ओळ आली तर पांडाज न थांबता उरलेली घरं रिकामी म्हणून भरून टाकतं, तिकडेही लक्ष ठेवावं लागतं. गुपचूप गळण्याने काय होतं ते इंग्लंडमध्ये २०२० साली दिसलं. प्रयोगशाळांकडून येणाऱ्या कोविड चाचण्यांच्या सीएसव्ही फाइली पब्लिक हेल्थ इंग्लंडमध्ये जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलींत भरल्या जात होत्या. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळींच्या पलीकडे जागाच नाही. जास्तीच्या ओळी तिथेच गळल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून सुटले, आणि त्यांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. फाइल वाचताना कुठेही 'चूक' असं आलं नव्हतं.

माझा प्रोग्राम न पटलेली प्रत्येक ओळ एका वेगळ्या फाइलमध्ये लिहितो, मूळ फाइलमधल्या ओळीच्या क्रमांकासह, आणि ती फाइल मी संस्थेतल्या माणसाला दाखवते. शिवाय काम सुरू करायच्या आधी दोन आकडे मागून घेते: रजिस्टरप्रमाणे सभासद किती आणि ठेवींची बेरीज किती. हे आकडे फाइलमधून काढलेले चालत नाहीत, वहीतलेच हवेत.

त्याचं कारण एका वाचनालयाच्या यादीत आहे. टॅबने विभागलेली, युनिकोडमधली, स्वच्छ फाइल. प्रत्येक ओळीत बरोबर तीन रकाने, न पटलेली ओळ एकही नाही. पण सभासद रजिस्टरपेक्षा कमी आणि अनामत रकमेची बेरीजही कमी. तिथल्या लेखनिकांना मी विचारलं, "काका, एकशे पाच आणि एकशे सहा क्रमांकाला कोण आहे बघता का?" त्यांनी रजिस्टर काढलं. "ताई, दोघं सख्खे भाऊ. पत्ता एकच, आधीच्या नावाचाच, त्यांच्या आईचा. म्हणून खाली 'वरीलप्रमाणे'ची खूण केलीये."

'वरीलप्रमाणे'ची खूण म्हणजे दुहेरी अवतरण चिन्ह. टंकलेखन करणाऱ्याने रजिस्टरमध्ये होतं तसं ते एकटंच पत्त्याच्या घरात मारलं होतं. वाचणाऱ्या प्रोग्रामला वाटलं, अवतरण सुरू झालं. मग टॅब, १०५ ची ५०० रुपये अनामत, ओळीचा शेवट, १०६ हा क्रमांक, पुढचा टॅब, हे सगळं त्याने पत्ता म्हणून गिळलं, आणि १०६ च्या पत्त्यातल्या खुणेपाशी अवतरण मिटलं. पुढे उरले १०६ चे ७०० रुपये. तयार झालेली नोंद: क्रमांक १०५, एक लांबलचक पत्ता, अनामत ७००. रकाने नेमके तीन. धाकटा भाऊ नाहीसा, आणि थोरल्याच्या नावावर धाकट्याची रक्कम. दोन-दोन ओळींच्या अशा जोड्या यादीभर होत्या.

इथे अवतरणांचा नियम बंद करून वाचणं बरोबर होतं, कारण ही फाइल त्या नियमाने लिहिलेलीच नव्हती. पायथनच्या मॉड्यूलला तसं सांगता येतं. मग जिथे पत्त्यात नुसती ती खूण असेल तिथे वरच्या ओळीचा पत्ता घ्यायचा. त्याआधी मी काकांना एवढंच विचारून घेतलं की ही यादी रजिस्टरच्या क्रमानेच टंकलेली आहे ना, मध्ये कुणी आडनावांप्रमाणे लावून घेतली नाही ना. तशी लावली असती तर प्रत्येक 'वरील' भलत्याच माणसाकडे बोट दाखवत राहिला असता. "नाही हो, पानामागून पान बघून मीच सांगत होतो," ते म्हणाले. मग पुन्हा चालवलं. सभासद आणि बेरीज, दोन्ही रजिस्टरप्रमाणे आले.